दोन लाखांचा कॅसिओ



वर्षावास संपला, कापूस घरात येऊ लागला आणि आमच्या पांढरकवड्यात जयंतीच्या गोष्टी सुरू झाल्या. एप्रिलला अवकाश असला तरी गायन पार्ट्यांची जुळवाजुळव याच दिवसांत होते. त्यामुळेच असेल, पण गेल्या महिन्याभरात आमच्याकडे तीन ठिकाणांहून एकच प्रश्न आला. पोरगा दोन लाखांचा कॅसिओ मागतो, घेऊन द्यावा की नाही? एका घरी बाप जिनिंगमध्ये हमाली करतो. दुसऱ्या घरी आई अंगणवाडीत मदतनीस आहे आणि पोरासाठी कर्ज उचलायला निघाली आहे. तिसरे घर नव्हे, तरुणांचे मंडळ आहे. त्यांना वर्गणीतून घ्यायचा आहे आणि कमी पडतील तेवढे पैसे विहाराच्या शिलकीतून उसने पाहिजेत. विहाराचा जमाखर्च आम्ही लिहितो, म्हणून पैशाचा प्रश्न निघाला की लोक आमचे दार वाजवतात. गाण्यातले आम्हाला ऐकणाऱ्याइतकेच कळते. पण या निमित्ताने वाजवणाऱ्या चार जणांना विचारले, नागपूरला दुकानांतून फिरलो आणि कागदावर आकडे मांडून पाहिले.

मदतनीस बाई म्हणाल्या, "भाऊ, मले त्यातलं काई समजत नाई. पोरगा म्हणते, साधा कॅसिओ घेऊन स्टेजवर गेलो तर लोक हासतात. तुमीच सांगा, यवढ्या पैशाचं त्यात असते तरी काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गरिबाच्या पोराने वाद्य मागितले की "पोट भरते का त्यानं?" असे म्हणून त्याला गप्प करायची आपल्या घरांत सवय आहे. ती सवय आम्हाला मान्य नाही. देशाची घटना लिहिण्याच्या कामात ज्यांचा देह झिजला त्या बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. तेव्हा पोराने वाद्य मागावे यात गैर काही नाही. विचार करायचा तो किमतीचा.

आधी नावाचे सांगतो. वनस्पती तुपाला जसे आपण सरसकट डालडा म्हणतो, तसे बटणांचे हे वाद्य कोणत्याही कंपनीचे असो, आपल्याकडे ते कॅसिओच. खरा शब्द कीबोर्ड. कॅसिओ ही जपानी कंपनी मुळात आकडेमोडीची यंत्रे करणारी. कचेरीत आम्ही ज्यावर बेरजा मारतो त्या कॅल्क्युलेटरच्याच घराण्यातले हे वाद्य, याची आम्हाला मोठी गंमत वाटते. त्यांनी पहिला कीबोर्ड १९८० साली 'कॅसिओटोन २०१' या नावाने काढला. यामाहा, रोलँड, कॉर्ग यासुद्धा जपानच्याच कंपन्या. पुढे कॅसेटचे दिवस आले, स्टुडिओत हे वाद्य शिरले, आणि १९९० च्या आसपास भीमगीतांच्या कॅसेटमध्ये बासरी, व्हायोलिन आणि सनई सगळे एकाच माणसाच्या दहा बोटांतून निघू लागले. कॅसेटवर जे ऐकले तेच लोक स्टेजवर मागू लागले, आणि पार्टीत पेटीच्या शेजारी कॅसिओ आला.

काही जुनी माणसे म्हणतात, कॅसिओने आपले गाणे बिघडवले, पेटी ती पेटी. पण पेटी तरी आपली कुठे होती? हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा, १८४० च्या सुमाराचा. पायाने भाता मारायच्या त्या वाद्याला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताचा भाता लावला आणि ते भारतीय बैठकीला सोयीचे केले. तरीही शास्त्रोक्त मंडळींनी तिला आपली म्हटले नाही. पेटीतून मींड निघत नाही, तिचे सूर आपल्या रागांना जुळत नाहीत, असे म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला बंदी घातली. ती उठायला सुरुवात झाली १९७१ साली. या तीस वर्षांत रेडिओवर पेटी चालत नव्हती, पण आपल्या वस्त्यांत चालत होती. १९३० नंतर भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव जे आंबेडकरी जलसे नेले, पुढे वामनदादा कर्डक ज्या गाण्यांनिशी महाराष्ट्रभर फिरले, त्या सगळ्या परंपरेला पेटी-ढोलकीने साथ दिली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आपण कशावर ऐकले ते आठवा. म्हणजे वाद्य परके, महागडे, नवे, ही काही त्याला नाकारण्याची कारणे नव्हेत. ती पेटीच्या वेळीही नव्हती.

आणि एक गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलली पाहिजे. वाजवणे आपल्या समाजाला नवे नाही. गावात लग्न कुणाचेही असो, बाजा वाजवायला आपल्या आज्याला बोलावणे यायचे. मांडवाच्या बाहेर उभे राहून वाजवायचे, जेवण शेवटी मिळायचे, तेही दुरून. १९५६ साली नागपूर आणि चंद्रपूरच्या दीक्षेनंतर कितीतरी घरांनी ती वाद्ये खुंटीला टांगली ती कायमची. आमच्या वडिलांच्या पिढीत डफडे घरात ठेवणेसुद्धा लाजिरवाणे वाटे. त्या लाजेत राग होता आणि तो रास्त होता. मग कॅसिओ आला. त्याला जात नाही. तो कमरेला बांधून मांडवाबाहेर उभे राहावे लागत नाही. स्टँडवर ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून, स्टेजच्या मधोमध उभे राहून वाजवता येतो. कॉलेजात शिकणारा पोरगा तो वाजवतो आणि त्याला कुणी वाजंत्री म्हणत नाही, 'कीबोर्ड प्लेअर' म्हणतात. म्हणून पोरगा जेव्हा म्हणतो की साधा कॅसिओ नेला तर लोक हसतात, तेव्हा तो केवळ आवाजाबद्दल बोलत नसतो. महागड्या कीबोर्डांची एक लबाडी आम्ही दुकानात पाहिली. कंपनीचे नाव मागच्या बाजूला मोठ्या ठळक अक्षरांत असते. वाजवणाऱ्याला ते दिसत नाही, समोर बसलेल्यांना दिसते.

या मानाची किंमत आम्ही शून्य धरत नाही. पण दोन लाखांतले किती त्या अक्षरांचे आणि किती आवाजाचे, हे पाहायला हवे.

बाजारात आज पाच-सात हजारांपासून कीबोर्ड मिळतात. त्यांच्या कळा बारीक असतात, मोठ्या माणसाची बोटे त्यावर बसत नाहीत. ते खेळणे समजावे. दहा-पंधरा हजारांत ६१ कळांचा, पेटीएवढ्या रुंद कळांचा मिळतो. वीस-तीस हजारांत काम करता येईल असा मिळतो. यामाहाने खास भारतासाठी 'पीएसआर-आय' या नावाची मालिका काढली, तिच्यात तबला, ढोलकी, पेटी, सनई यांचे आवाज आणि आपल्याकडचे ठेके भरलेले असतात. पुढे पन्नास-साठ हजारांच्या वर रोलँडसारख्यांचे, आणि मग दीड-दोन लाखांचे, त्याहीवर चार लाखांपलीकडचे. तुमच्या-आमच्या गावात भांडण आहे ते वीस-तीस हजार आणि दोन लाख यांच्यात.

या यंत्राच्या आत बासरी नसते आणि सतारही नसते. खऱ्या वाद्याचा एकेक सूर आधी कुठेतरी रेकॉर्ड करून आत साठवलेला असतो. कळ दाबली की तो वाजतो. स्वस्त यंत्रात बासरीचा एक सूर घेऊन तोच ताणून चार-पाच कळांना लावलेला असतो, म्हणून वरच्या पट्टीत गेले की बासरी शिट्टीसारखी होते. महागड्या यंत्रात जवळजवळ प्रत्येक कळेला वेगळा सूर, तोही हळू फुंकलेला, जोरात फुंकलेला, असा दोन-तीन परींनी साठवलेला असतो. बोट हलके टेकवले तर एक निघतो, जोरात मारले तर दुसरा. फरक खरा आहे. कानाला हेडफोन लावून आम्ही दोन्ही ऐकले, आमच्यासारख्या औरंगजेबालाही तो कळला.

पण हाच फरक जयंतीच्या मैदानात, गुजरीच्या चौकात, दोन मोठ्या भोंग्यांतून आणि शेजारी जनरेटर धडधडत असताना किती उरतो? आम्ही ज्या वाजवणाऱ्यांना विचारले त्यांपैकी एक नागपूरकडे ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षे वाजवतो. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "खुल्या मैदानात रुपयातले चार आणे उरतात. बाकीचे मलाच ऐकू येतात." त्याच्या म्हणण्याप्रमाणे महागडे यंत्र घ्यायचे खरे कारण आवाज नव्हे, घाई आहे. ऑर्केस्ट्रात एक गाणे संपले की दुसरे लगेच सुरू होते. आवाज, ठेका, लय, पट्टी हे सगळे एका बटणात आधीच बसवून ठेवता येते आणि गाणे चालू असतानाही बदलता येते. स्वतःची ढोलकी रेकॉर्ड करून आत भरता येते. कळा रोजच्या माराला टिकतात. ज्याला वर्षाला शंभर रात्री वाजवायचे आहे, त्याला हे सगळे लागते आणि त्याचे पैसे वसूल होतात. त्याने घेतला ते बरोबरच केले, असे आमचे मत आहे.

आता उरलेल्या गोष्टी, ज्यांची जाहिरात सर्वांत मोठी आणि उपयोग सर्वांत थोडा. 'एकाच वेळी १२८ सूर' असे खोक्यावर छापलेले असते. आपला पोरगा उजव्या हाताने चाल वाजवतो आणि डाव्या हाताने तीन बोटांचा मेळ धरतो. ठेक्याचे सूर त्यात मिळवले तरी जुन्या ३२ सुरांच्या यंत्रावर कधी ओढाताण व्हायची, पण आजच्या मध्यम किमतीच्या यंत्रात ते पुरून उरते. हजार आवाज आहेत म्हणतात. पार्टीच्या रात्री आठ-दहा वापरले तर खूप. आतले स्पीकर मोठे असल्याचे पैसे मोजू नयेत, कारण स्टेजवर वायर थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जाते आणि आतला स्पीकर बंदच असतो.

घेताना पाहायच्या गोष्टी खरे तर तीनच. कळ हळू-जोरात दाबल्याचा फरक पडला पाहिजे. डाव्या हाताला सूर वाकवायचे चाक पाहिजे; भीमगीताची चाल कव्वालीकडे झुकते, तिच्यात सूर ओढावा लागतो, आणि १९४० साली रेडिओवाल्यांनी पेटीवर जो आक्षेप घेतला तो या चाकाने बऱ्याच अंशी भागतो. तिसरे म्हणजे मिक्सरला वायर जोडायची सोय. वीस-तीस हजारांत या तिन्ही सोयी असलेले कीबोर्ड मिळतात, पण सगळ्यांत नसतात. म्हणून पाहूनच घ्यावा. आणखी एक सोय फुकटात मिळते, ती फार कमी जणांना माहीत आहे. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांनी मिळून 'मिडी' नावाची एक भाषा ठरवली, तिच्यामुळे कोणत्याही कंपनीचे यंत्र दुसऱ्याशी बोलू शकते. आजच्या साध्या कीबोर्डलाही ती येते. एका केबलने तो मोबाइलला जोडला की मोबाइलमधले आवाज कीबोर्डच्या कळांवर वाजतात. पोरांच्या हातात पंधरा हजारांचे मोबाइल आहेतच. त्यांचा असाही उपयोग होऊ द्या.

आता आकडे. हे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. कीबोर्ड १,८०,००० रुपयांचा. घरचे ३०,००० भरले, १,५०,००० कर्ज काढले, तीन वर्षांसाठी, चौदा टक्क्यांनी. हे चौदा टक्के बहुधा सपाट असतात, म्हणजे तुम्ही हप्ते फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दीड लाखावरच चालू राहते. वर्षाला २१,०००, तीन वर्षांत ६३,०००. एकूण फेड २,१३,०००, महिन्याचा हप्ता ५,९१७ रुपये. घटत्या शिलकीवर हेच व्याज मोजले तर ते चोवीस टक्क्यांच्या वर जाते. कर्ज देणारा हे सांगत नाही आणि आपण विचारत नाही. म्हणजे १,८०,००० चे यंत्र घरी आले ते २,४३,००० ला.

आता जमेची बाजू. आपल्या तालुक्यातल्या बऱ्यापैकी पार्टीला वर्षात किती रात्री मिळतात? एप्रिलचे पंधरा-वीस दिवस, बुद्ध पौर्णिमा, अशोक विजयादशमीच्या आगेमागे, १ जानेवारी, रमाई जयंती, काही हळदी-लग्ने, काही नामकरणे. ६ डिसेंबरला अभिवादनाची गाणी, त्याची बिदागी कुणी मागत नाही, मागूही नये. हात आखडता न घेता तीस रात्री धरू. सुपारीतून गाडी, साउंड, गायक, कोरस वजा जाता कीबोर्डवाल्याच्या हाती रात्रीचे दीड हजार पडले असे धरले तर वर्षाचे ४५,०००. हप्ते मात्र वर्षाला ७१,०००. सव्वीस हजारांची तूट. ती भरणार कोण? पोराच्या कीबोर्डसाठी जिनिंगमध्ये बाप आणखी पोती उचलणार, किंवा बहिणीची कॉलेजची फी पुढच्या वर्षावर जाणार. बहिणीची फीच आधी थांबते, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

याउलट २५,००० चा रोखीने घेतला, तर सतरा रात्रींत पैसे सुटतात. सालभरात पोरगा मोकळा. आणि नागपूरच्या मोठ्या कार्यक्रमाची एखादी सुपारी आलीच, तर त्या रात्रीपुरते महागडे यंत्र भाड्याने आणता येते. ऑर्केस्ट्रावाले असे सर्रास करतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

या हिशेबात आणखी दोन गोष्टी धराव्या लागतात. एक, रात्री वाढत नाहीत, उलट घटताहेत. मिरवणुकीत डीजेने पार्टीची जागा घेतली. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत भोंगे बंद. ठरावीक दिवसांची सवलत सोडली तर पोलीस दहाला उभे राहतात. पहाटेपर्यंत रंगणारे कव्वालीचे सामने आम्ही पाहिले, त्या रात्री आता तीन तासांच्या झाल्या आणि बिदागीही त्या मानानेच. दुसरी गोष्ट आपल्या भागाची हवा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, धूळ तर विचारूच नका. कळांच्या खाली रबराची पट्टी असते, तिच्यावर धूळ बसली की एखादी कळ मुकी होते किंवा एकदम ओरडते. साध्या यंत्राची पट्टी जाणता कारागीर खोलून पुसून देतो. महागड्या यंत्राचा आतला पत्रा बिघडला की ते दीडशे किलोमीटर नागपूरला न्यायचे, तिथून ते पुढे पाठवणार, आणि जयंती तोंडावर असताना तुमचे पाच हजार नऊशे सतरा चालूच. जनरेटरच्या विजेवर वाजवताना चांगला स्टॅबिलायझर नसेल तर अशी पाळी कधीही येऊ शकते.

पैशाची बाजू झाली. ज्या बाजूमुळे आम्ही हा लेख लिहायला बसलो ती वेगळी आहे. महागड्या यंत्रात जे सर्वांत जास्त विकले जाते ते ठेके. बटण दाबले की ढोलकी, तबला, खंजिरी, टाळ्या, सगळा ताफा सुरू. त्यामुळे पार्टीतली माणसे कमी करता येतात. पूर्वी आठ जण जायचे, आता चार जातात. उरलेल्या चौघांचे पैसे यंत्राच्या हप्त्यात. आमच्या ओळखीचे एक ढोलकीवाले काका आहेत, तीस-पस्तीस वर्षे त्यांनी या तालुक्यात ढोलकी वाजवली. यंदा त्यांना एकाही पार्टीचे बोलावणे नाही. ते हसून म्हणाले, "बटनाले चाय लागत नाई, जेवन लागत नाई, न ते रुसतही नाई. मंग पोट्टे मले काहून नेतीन?"

काकांचे बोलणे विनोदाचे असले तरी आम्हाला हसू आले नाही. आणि यात काकांचेच नुकसान आहे असेही नाही, गाण्याचे आहे. आपले गाणे सिनेमाच्या गाण्यासारखे ठरल्या मापाचे नाही. गायक कडवे मध्येच थांबवतो, महाडच्या तळ्याची गोष्ट सांगतो, एखादा शब्द समोरच्या म्हातारीला समजला नाही असे वाटले तर तो पुन्हा फोडून सांगतो. समोरून कुणी दहा रुपये घेऊन उठला तर तीच ओळ चार वेळा येते. शेवटाकडे लय चढते, ती किती चढवायची हे लोकांच्या तोंडाकडे पाहून ठरते. ढोलकीवाला गायकाच्या मानेकडे बघत असतो. मान हलली की तो थांबतो, हात वर गेला की तोडा घेतो. यंत्राला मान दिसत नाही. दोन लाखांच्या यंत्रालाही दिसत नाही. मग गायकच यंत्राच्या मागे पळतो, गोष्ट सांगायचे सोडून देतो. गेल्या जयंतीला आम्ही अशी एक पार्टी ऐकली. आवाज सुरेख, एकही चूक नाही, आणि दोन तासांत गायकाने एक शब्दही लोकांशी बोलला नाही. बाया लहान पोरांना घेऊन साडेनवालाच उठून गेल्या.

जलशांचे काम करमणुकीइतकेच समजावण्याचे होते. शाळा न पाहिलेल्या माणसाला बाबासाहेबांचे म्हणणे गाण्यातून आणि गाण्यांच्या मधल्या बोलण्यातून पोचले. ते मधले बोलणे ज्या वाद्याने बंद पडते ते कितीही गोड असले तरी आपल्या कामाचे अर्धेच.

तेव्हा ज्यांनी विचारले त्यांना आम्ही असे सांगितले. हमाल भावाचा पोरगा खरोखर चांगला वाजवतो, त्याच्या हातात गोडवा आहे. त्याच्यासाठी मध्यम किमतीचा नवा कीबोर्ड घ्यावा, कर्ज न काढता, कापसाच्या हंगामाच्या मजुरीतून. निम्मे पैसे पोराने स्वतः आणावेत. त्याने ते कबूल केले आहे, थोडे तोंड वाकडे करून. त्याला आम्ही आणखी एक सुचवले. पेटी सोडू नये. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा हार्मोनियम घेऊन देता येतात, आणि ते प्रमाणपत्र पुढे शाळेत किंवा शिकवणीला उपयोगी पडते. कीबोर्डवर बटणाने पट्टी बदलून एकाच जागी वाजवायची सवय लागली की हात आळशी होतो; पेटीवर सगळ्या पट्ट्या हातानेच काढाव्या लागतात.

मदतनीस बाईंना आम्ही स्पष्ट सांगितले की कर्ज उचलू नका. गटाचे कर्ज वेळेवर फिटले नाही की एकट्या बाईची नव्हे, दहा बायांची पत जाते. आणि बाहेरच्या कंपन्यांचे आठवड्याचे हप्ते तर मंगळवार-बुधवार बघत नाहीत, दारात येऊन बसतात. त्यांच्या पोराने अजून एकही कार्यक्रम केलेला नाही. तो मोबाइलवर पाहून शिकतो, शिकण्याची जिद्द आहे. विहारात एक जुना कीबोर्ड पडून आहे, दोन कळा मुक्या आहेत. तो दुरुस्त करून सहा महिने त्याच्याकडे द्यावा, असे आम्ही विहाराच्या समितीला लिहून दिले आहे. बाई म्हणाल्या, "त्याले नवा पाह्यजे, भाऊ." तेही आम्हाला समजते. एकोणीस वर्षांचा आहे.

मंडळाचे मात्र जुळले नाही. विहाराच्या शिलकीत जे पैसे आहेत ते अभ्यासिकेच्या टेबल-खुर्च्यांसाठी आणि दिव्यांसाठी दानातून जमा झालेले आहेत. ज्यांनी वीस-वीस रुपये दिले त्यांना आपण काय म्हणून मागितले ते आमच्या पावतीपुस्तकात लिहिलेले आहे. त्यातून कीबोर्डसाठी उसने देण्याचा अधिकार आम्हाला नाही, तसे वाटले तर सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे, असे आम्ही म्हणालो. पोरे नाराज झाली. "डीजेले दोन दिवसाचे लाख रुपये देतां, मंग गान्याले काहून नाई?" असे एकाने विचारले. हा प्रश्न बिनतोड आहे, आणि सभेत तो आम्ही स्वतःच मांडणार आहोत. डीजे एक दिवस कमी केला तर त्यातून एक मध्यम कीबोर्ड, दोन चांगल्या ढोलक्या आणि काकांची वर्षभराची शिकवणी निघते. तीन पोरे ढोलकी शिकायला तयार आहेत, त्यांत एक मुलगीही आहे. सभा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे.

घ्यायला जाणाऱ्यांसाठी थोडे. एकटे जाऊ नका, वाजवणारा माणूस सोबत न्या. दुकानात आतल्या स्पीकरवर ऐकून भुलू नका, मिक्सरला जोडून दाखवा म्हणा. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक कळ हळू आणि जोरात दाबून पाहा. जुना घेत असाल तर अर्धा तास चालू ठेवा, तापल्यावर काय होते ते कळते. फ्लॉपीवर चालणारा असेल तर सोडून द्या, फ्लॉपी आता मिळत नाही. अडॅप्टर कंपनीचाच घ्या. झाकायला जाड कापडाची पिशवी घरी शिवता येते. पक्के बिल घ्या, त्यावर यंत्राचा नंबर घालून घ्या, वॉरंटीचे कार्ड त्याच दिवशी शिक्का मारून आणा. आणि वाद्य मंडळाचे असेल तर बिल कुणा एकाच्या नावाने नको, मंडळाच्या नावाने घ्या आणि घरी आल्यावर आधी साठा रजिस्टरला चढवा, मग वाजवायला बसा.